तारीखवाढे काका

काकांच्या आधी त्यांचा शब्द जिना चढतो. "वाढणार!" मग धाप ऐकू येते, मग काका दिसतात आणि शेवटी त्यांची पिशवी. पिशवीवर कुठल्याशा साडीच्या दुकानाचं नाव, आत वर्षभराची बिलं आणि बिलांच्या वर पांढऱ्या कांद्याची एक माळ. माळ माझ्यासाठी असते. बिलंही माझ्यासाठीच असतात, पण ती काढताना काकांचा चेहरा माळ काढतानासारखा खुलत नाही.

जुलैची अठ्ठावीस-एकोणतीस तारीख असते. बाहेर पाऊस धो धो कोसळत असतो आणि आत माझ्या टेबलावर फायलींचा डोंगर.

"काका, एकतीसला शेवटची तारीख."

"वाढणार."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे कोणी? वाढतेच."

असं म्हणून काका खुर्ची पुढे ओढतात, त्यांचा पाय माझ्या टेबलाखालच्या एका पिशवीला लागतो, ते वाकून बघतात आणि विचारतात, "ही कुणाची रे?"

"आहे एका गिऱ्हाइकाची," मी म्हणतो.

मी अलिबागेत हिशोब लिहायचा आणि रिटर्न भरायचा धंदा करतो. सी.ए. नाही. सी.ए.समोर सहीला नेण्याआधी कागदांना जी आंघोळ घालावी लागते, ती मी घालतो. आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा या पट्ट्यातले कॉटेजवाले, किराणावाले, बोटवाले ही माझी गिऱ्हाइकं. यातल्या प्रत्येक गावात एक तरी माणूस असा आहे की ज्याचा देवापेक्षा मुदतवाढीवर जास्त विश्वास आहे. मी त्या जातीला मनातल्या मनात 'तारीखवाढे' म्हणतो. नागावचे आमचे काका या घराण्याचे मूळपुरुष.

काकांची नारळ-पोफळीची वाडी आहे. वाडीच्या रस्त्याकडच्या अंगाला सहा खोल्या काढल्यात आणि फाटकावर 'घरगुती जेवण मिळेल' अशी पाटी लावलीय. इथपर्यंत सगळं सुखाचं होतं. मग पुण्याचा भाचा उन्हाळ्यात आला आणि आंबे खाता खाता म्हणाला, "मामा, कंपनी काढा. पाटीवर 'प्रा. लि.' दिसलं की गिऱ्हाईक घासाघीस करत नाही." काकांनी कंपनी काढली. डायरेक्टर दोन, काका आणि काकू. भागधारकही तेच दोघे, निम्मे निम्मे. गिऱ्हाईक घासाघीस पूर्वीसारखीच करतं. भाचा हल्ली आंब्याच्या दिवसांत महाबळेश्वरला जातो.

प्रायव्हेट लिमिटेड म्हणजे दावणीला बांधलेली म्हैस. दूध देवो न देवो, वैरण चुकत नाही. धंदा झाला नाही तरी दरवर्षी ऑडिट करावंच लागतं. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. सभेपासून ३० दिवसांत ताळेबंदाचा फॉर्म एओसी-४ आणि ६० दिवसांत वार्षिक विवरणपत्राचा एमजीटी-७ए कंपनी निबंधकाकडे भरावा लागतो. उशीर झाला तर फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये. कंपनीचं आयकर रिटर्न वेगळं, काकांचं स्वतःचं वेगळं. उलाढाल २० लाखांच्या आत असल्यामुळे जीएसटीत काका नाहीत. यात भाग्य त्यांचं नसून माझं आहे.

दिवसाला १०० रुपयांचं मी पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा काका जरा वेळ छताकडे बघत राहिले.

"फॉर्म दोन ना? म्हणजे रोजचे २००. अरे, जादा गादीचे मी २०० घेतो! म्हणजे सरकार आपल्याकडे गादी टाकून झोपलंय म्हण की."

"हो. आणि चेक-आऊट तुमच्या हातात आहे."

"बघू. गणपती होऊन जाऊ देत."

'गणपती होऊन जाऊ देत' हा त्यांचा दुसरा आवडता शब्दप्रयोग. गणपती झाले की नवरात्र होऊ द्यायचं असतं. नवरात्रानंतर दिवाळीचा सीझन येतो. दिवाळीनंतर शाळांच्या सहली सुरू होतात, त्या संपेपर्यंत थर्टीफर्स्ट.

काकांच्या श्रद्धेला पुरावा नाही असं मात्र कुणी समजू नये. २०१८ मध्ये वैयक्तिक रिटर्नची तारीख ३१ जुलैवरून ३१ ऑगस्टवर गेली. २०१९ मध्ये पुन्हा तेच. २०२० मध्ये करोना आला आणि तारीख जी सुटली ती नोव्हेंबर, डिसेंबर असं करत थेट १० जानेवारी २०२१ ला जाऊन थांबली. त्याच २०२० मध्ये कंपन्यांसाठी सरकारने 'फ्रेश स्टार्ट' नावाची योजना आणली, जुने राहिलेले फॉर्म दंडाशिवाय भरा म्हणून. काकांचे दोन वर्षांचे फॉर्म तुंबले होते, ते पन्हळीतून पाणी जावं तसे गेले. २०२१ मध्ये आयकराचं नवं पोर्टल आलं आणि तारीख ३१ डिसेंबरपर्यंत ताणली गेली. सलग चार वर्षं! इतका अनुभव तर लोकांना नवसालाही येत नाही.

"बघ," काका मला म्हणाले, "तू जुलैत भरायला लावलं असतंस तर उगाच घाई झाली असती."

मग २०२२ उजाडलं. ३१ जुलैला काका संध्याकाळीच येऊन बसले, कागद घेऊन नाही, नुसतेच. क्रिकेटची शेवटची ओव्हर बघायला बसावं तसे. दर दहा मिनिटांनी मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरून बघायचे. साडेअकराला त्यांच्या मोबाइलवर कुठूनसा फिरत फिरत एक कागद आला, 'तारीख वाढली' असा. त्यावर सहीही होती. मी निरखून पाहिलं, तर तो आदल्याच कुठल्या तरी वर्षाचा. बारा वाजले. तारीख वाढली नाही. उत्पन्न पाच लाखांच्या आत म्हणून १,००० रुपये विलंब शुल्कावर भागलं.

"छापायला उशीर झाला असेल," काका उठताना म्हणाले.

२०२३ मध्येही वाढली नाही. २०२४ मध्येही नाही. काकांची निष्ठा मात्र तसूभर ढळली नाही. "तीन वर्षांची मिळून एकदम वाढणार," असं त्यांनी जाहीर केलं.

काकांच्या बिलांबद्दल सांगायला हवं. अलिबागेत चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि यंत्रं बिघडणार म्हणून ती कुलाब्याहून इकडे हलवली. १९०४ पासून पृथ्वीचं चुंबकत्व किती हलतं-डुलतं याची तिथे नोंद होतेय. काकांच्या खोल्यांत कोण आलं-गेलं याची नोंद स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर होते. '६ जण ठाणे, २ शाकाहारी, ॲड. १०००.' खाली दूध, त्याच्या बाजूला गॅस, आणि एकादशीच्या चौकोनात 'पाडेली येणार', म्हणजे नारळ पाडणारा. हीच कंपनीची रोजकीर्द आणि हीच खतावणी.

घोळ असा की सरकारचं वर्ष एप्रिलपासून आणि कॅलेंडर जानेवारीपासून. म्हणजे एका हिशोबाला दोन कॅलेंडरं लागतात. एकदा मी नागावला त्यांच्याकडे गेलो. जानेवारी ते मार्च भिंतीवर सापडले. एप्रिल ते डिसेंबर कुठे?

"फळीवर अंथरलंय," काकू म्हणाल्या.

मग मी स्टुलावर उभा राहिलो. काकूंनी एकेक डबा उचलायचा, मी खालचे आकडे वाचायचे आणि काकांनी टिपायचे. मे महिना तांदळाच्या पिंपाखाली होता. दिवाळीचा सीझन गोडेतेलाच्या कॅनखाली असल्यामुळे पारदर्शक झाला होता, मागची बाजूही दिसत होती. काकांनी भक्तिभावाने मागचं राशिभविष्यही वाचून दाखवलं, "आर्थिक बाबींत चालढकल नको." काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त हिंगाची डबी जरा जोरात ठेवली.

जे बिल भिंतीवरही सापडत नाही आणि फळीवरही नाही, त्याच्यासाठी काकांकडे एकच उत्तर असतं, "निसर्गात गेलं."

३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर ज्याने पाहिलं त्याला ते हसण्यावारी नेता येत नाही. नागावपासून श्रीवर्धन-दिवेआगरपर्यंत वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. काकांच्या अर्ध्याअधिक पोफळी मोडल्या, दोन खोल्यांचे पत्रे शेजारच्या वाडीत सापडले आणि हिशोबाची ट्रंक तीन दिवस पाण्यात होती. त्या वर्षी काका ओल्या कागदांचा लगदा घेऊन आले तेव्हा मी काही विचारलं नाही. पंख्याखाली वर्तमानपत्रं पसरली आणि आम्ही दोघांनी एकेक बिल वाळवलं.

पण त्यानंतर गंमत अशी झाली की निसर्ग थांबायलाच तयार होईना. २०२१ चं गाद्यांचं बिल निसर्गात गेलं. २०२३ चं पाण्याच्या पंपाचं बिलही गेलं.

"काका, वादळ २०२० चं."

"हो, पण ट्रंक तीच आहे ना!"

आता सभा. कायद्याने एकवीस दिवस आधी सूचना द्यावी लागते. म्हणजे काकांनी काकूंना लेखी कळवायचं की अमुक दिवशी सकाळी अकरा वाजता आपल्याच ओटीवर कंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभा भरेल, तरी आपण उपस्थित राहावे. सूचना मीच टाइप करून नेतो.

"मला सांगायला चिठ्ठी कशाला?" काकू विचारतात. "एरवी जेवायला वाढ म्हणून ओरडता, तेव्हा देता का चिठ्ठी?"

२०२४ मध्ये ३० सप्टेंबर पितृपक्षात आला. काकांना आयतंच सापडलं. "पक्षात शुभकार्य करत नाहीत." मी म्हटलं, काका, सभा आहे, साखरपुडा नव्हे. ते ऐकेनात. शेवटी काकूच म्हणाल्या, "यात शुभ काय आहे? नफा तरी झालाय का?" सभा झाली.

काका अध्यक्ष म्हणून झोपाळ्यावर, काकू पोहे निवडत उंबऱ्याशी. गणसंख्या दोनची, ती पूर्ण. ताळेबंद मंजूर करायचा ठराव आला. काकूंनी सुपातून डोळे न काढता विचारलं, "चार नंबरच्या खोलीत पुण्याची मंडळी तीन रात्री होती. त्यांचे पैसे यात आहेत?"

काका झोपाळ्यावर थांबले. पुण्याची मंडळी म्हणजे भाच्याचे मित्र. पैसे घेतलेच नव्हते.

"मग मी विरोधात," काकू म्हणाल्या.

एकास एक मतं पडली. अध्यक्षांना निर्णायक मत असतं, असं मी काकांच्या कानात सांगितलं. काकांनी एकदा काकूंकडे पाहिलं, एकदा ओट्यावर वाफाळणाऱ्या आमटीकडे पाहिलं आणि निर्णायक मत वापरायचं नाही असं ठरवलं. त्यांनी तिथूनच भाच्याला फोन लावला. साडेचार हजार रुपये गूगल पेवर आले, ते त्या तारखेला जमा धरून ठराव एकमताने मंजूर झाला. मी बऱ्याच मोठमोठ्या कंपन्यांचे अहवाल वाचलेत. भागधारकाने इतका नेमका प्रश्न विचारलेला फारसा आढळला नाही.

२०२५ पर्यंत सप्टेंबरातच डायरेक्टर लोकांची केवायसी असायची. ती चुकली तर माणशी ५,००० रुपये पडायचे. काकूंचा ओटीपी हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. घरात रेंज नाही. रेंज येते ती विहिरीपाशी. म्हणून काकू विहिरीच्या कठड्याजवळ उभ्या राहून आकडे ओरडतात, मधे पाडेली माडावर असेल तर तो ते पुढे ओरडतो, आणि काका पडवीतल्या फोनवरून मला सांगतात. या साखळीत 'सहा'चे 'दहा' होतात. "ओटीपीत दहा नसतो काका!" "मग एक आणि शून्य घाल."

त्यापेक्षा पूर्वीचं बरं होतं असं काकांचं मत. कंपनी निबंधकांचं कार्यालय मुंबईत मरीन ड्राइव्हच्या एव्हरेस्ट इमारतीत असायचं. कंपनी काढली तेव्हा काका मांडव्याहून लाँचने गेटवेला उतरून कांद्याची माळ घेऊन तिथे गेले होते. आता सगळं ऑनलाइन असतं, असं तिथे त्यांना नीट समजावून सांगितलं गेलं. काका माळ घेऊन परत आले. "मी एव्हरेस्ट चढून आलोय," असं ते अजून सांगतात. मांडव्याचा उल्लेख शेवटी करतात.

फारच वैतागले की काका इतिहासात शिरतात. "पोर्तुगीज होते तेव्हा जहाजाला त्यांचं कार्ताझ लागायचं. मग आंग्र्यांचं दस्तक. आता हे एमजीटी. या किनाऱ्यावर चिठ्ठीशिवाय काही हलूच देत नाहीत."

"तेव्हा चिठ्ठी नसली तर जहाज धरून नेत, काका. आता दिवसाला १०० वर सोडतात."

इतकं ऐकून कुणालाही वाटेल की हा माणूस आळशी आहे, विसरभोळा आहे. मलाही वाटायचं. मग एकदा मी त्यांच्या पडवीत बसलो असताना ठाण्याचं एक कुटुंब विचारायला आलं, कुलाबा किल्ल्यात चालत कधी जाता येईल. काकांनी कॅलेंडर पाहिलं नाही, मोबाइल पाहिला नाही.

"आज पंचमी. पाच पाऊण पावणेचार. पावणेचारला भरती. म्हणजे दहाच्या सुमाराला पूर्ण सुकती. साडेआठला निघा, अकराच्या आत किल्ल्यातून बाहेर पडा. पोरं पाण्यात रेंगाळली तर ओरडा, पण थांबू नका."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. ही पाउणकी काकांना मुखोद्गत आहे. तीस वर्षांत त्यांचं एकही गिऱ्हाईक भरतीत अडकलेलं नाही. पाडेल्याची मजुरी ते ज्या दिवशीची त्या दिवशी, हातात ठेवतात. निसर्गनंतर माडांवर चढायला काही उरलं नव्हतं, तरी त्या वर्षभर महिन्याच्या महिन्याला त्याला बोलावून, पडलेले सोट तोडायला लावून, पैसे दिले. किराणावाल्याची उधारी पुनवेच्या पलीकडे जात नाही. तारखा काका पाळतात. फक्त त्यांच्या तारखा आकाशात असतात, पोर्टलवर नसतात.

आणि विचार केला तर त्यांचं काय चुकलं? ३१ जुलै हा आमच्या किनाऱ्यावर दोन गोष्टींचा शेवटचा दिवस असतो, रिटर्नचा आणि मासेमारीबंदीचा. १ जूनपासूनची बंदी त्या रात्री संपते. कोळीवाड्यात बर्फ, डिझेल, किराणा बोटींवर चढत असतो. पण म्हणून १ ऑगस्टला बोट सुटतेच असं नाही. हवा बघायची, नारळी पुनव बघायची, मग सोडायची. पावसाळ्यात मांडव्याची लाँच बंद. रो-रो बोटदेखील लाटा बघून सुटते. ज्याच्या दारातली भरतीसुद्धा रोज पाऊण तासाने पुढे ढकलली जाते, त्याला ३१ जुलै हलणार नाही हे पटवायचं कोणी?

२०२५ मध्ये तर आक्रीत घडलं. मे महिन्यातच, २७ तारखेला, सरकारने रिटर्नची मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढवली. दुसऱ्या दिवशी काका आंब्यांची पेटी घेऊन जिना चढले. शब्दही न बोलता पेटी टेबलावर ठेवली, खुर्चीत बसले आणि नुसते हसत राहिले.

"काका, अजून कोणी भरायला बसलंही नव्हतं."

"तेच तर. आधी वाढवली. म्हणजे कुणीतरी ऐकतंय."

तिथून पुढे साडेतीन महिने काका फिरकले नाहीत. १५ सप्टेंबरला रात्री आठला जिन्यात "वाढणार!" ऐकू आलं, पण आवाजात जोर नव्हता. मागून काकू आल्या. पिशवी काकूंच्या हातात होती. "आज भरल्याशिवाय मी इथून हलायची नाही," त्या म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. त्यांचाही पाय टेबलाखालच्या पिशवीला लागला. त्यांनी ती जरा उचलून बघितली, काकांकडे पाहिलं आणि परत ठेवली.

पोर्टल त्या रात्री कासवाच्या चालीने चाललं होतं. चक्र फिरतंय, फिरतंय, मग आपल्यालाच बाहेर काढतंय. काकू शांतपणे सुपारी कातरत होत्या. अकरा वाजून वीस मिनिटांनी रिटर्न गेलं. ओटीपी पहिल्या दमात आला, अलिबागेत रेंज असते. काकांनी पोचपावतीचा कागद दुमडून खिशात ठेवला. एखादी पैज हरलेल्या माणसासारखे ते स्कूटरवर बसले. काकू मागे.

रात्री उशिरा बातमी आली. एक दिवस वाढवला होता. १६ सप्टेंबर.

फोन वाजला. मी कानापासून जरा लांब धरूनच घेतला, आता जयघोष ऐकायचा म्हणून.

"वाढली," काका हळूच म्हणाले.

"हो."

"एकच दिवस."

"हो काका."

"म्हणजे आपण उगाच भरलं."

मी गप्प. मागे रातकिडे आणि लाटांची गाज ऐकू येत होती, म्हणजे काका विहिरीपाशी उभे असणार.

"बरं, ते जाऊ दे," ते म्हणाले. "तुझ्या टेबलाखालच्या त्या गिऱ्हाइकाचं भरून झालं का?"

माझ्या तोंडातून शब्द फुटेना. पलीकडे काका इतके हसले की काकूंनी आतून विचारलं, काय झालं म्हणून.

"भर हो उद्या सावकाश," काका म्हणाले. "तुझ्यासाठीच वाढवून घेतलीय."